धुराड्याच्या दिशेनं

उजव्या बाजूला, शेवटच्या दाढेच्या जरा अलीकडे, एक भोक होतं. आरपार. बेसिनवरच्या खिडकीशी धरलं की त्यातून परसातला उजेड तांदळाच्या कणीएवढा आत यायचा, आणि कोरीनं ते निळं माउथगार्ड — तीन हंगाम त्याच्या दातांवर बसलेलं, एकेक दात अंगावर उमटवून घेतलेलं — सकाळपासून तिसऱ्यांदा तसं धरलं होतं. रबर कसलं, दगडच म्हणायचा. करून देणारा डेंटिस्ट म्हणाला होता, याला कुत्रा चावला तर कुत्र्याचाच दात पडेल. मग भोक पडायला माणसानं दात किती जोरात आवळले असतील... आणि कधी? शनिवारी सकाळी नव्हतं. शनिवारी संध्याकाळी, डबीत ठेवताना, होतं. म्हणजे मॅचमध्ये. म्हणजे तिसऱ्या क्वार्टरमध्ये... आणि इथवर आलं की विचाराचा पाय अधांतरी पडायचा, अंधारात जिन्याची एक पायरी जास्त धरली की पडतो तसा.

"कोरी, नळ."

ब्रॉनी, त्याची बायको, दारात उभी होती. नळ वाहत होता. त्यानं बंद केला.

"किती वेळ चालू होता?"

"आत्ताच सोडला."

"आत्ताच! मार्नीची वेणी झाली, डबा भरून झाला, आणि तुझं आपलं आत्ताच." तिनं त्याच्या हातातल्या माउथगार्डकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते ती. कोण खोटं बोलतंय हे तिला आधी कळतं, आणि बोलणाऱ्याला स्वतःहून सांगायला किती वेळ द्यायचा हेही.

तिसऱ्या क्वार्टरला अकरा मिनिटं झाली होती. ते घड्याळ त्याला लख्ख दिसत होतं, स्टेडियमच्या छपराखाली लटकलेलं. पलीकडून कुणीतरी लांब लाथ मारली होती, आणि हातानं झेलायच्या या फुटबॉलचा तो लांबट लाल चेंडू स्वतःभोवती फिरत, काही घाई नसल्यासारखा, खाली येत होता; त्याच्या शिवणीचे पांढरे टाके — एक, दोन, तीन — मोजता यावेत इतका सावकाश. आपण उडी मारली. कुणाच्या तरी पाठीवर गुडघा टेकला, हात वर गेले, बोटं पसरली... पंधरा वर्षं याच एका क्षणासाठी जगलो, जमीन सुटलेली असते आणि चेंडू अजून आलेला नसतो... आणि मग तो उभा होता. मैदानाच्या भलत्याच टोकाला, दिव्यांखाली, उभा. पाचसहा जण पाठीवर थापा मारत होते, कुणी कान ओढत होतं. 'गोल! काय गोल मारलास रे म्हाताऱ्या!' घड्याळात वीस मिनिटं झाली होती.

मधली नऊ मिनिटं नव्हती.

पुसली गेली म्हणावं तर पुसल्याची खूणही नव्हती. त्या नऊ मिनिटांत कोरी हॅल्डेननं, वय तेहतीस, पंधरावा हंगाम, आयुष्यातला सगळ्यांत देखणा गोल मारला होता — असं सगळे म्हणत होते. पेपरात होता तो गोल. फोनवर आला होता, चाळीस जणांनी पाठवला होता. सोमवारी सगळ्या संघाला बसवून कोचनं पडद्यावर दोनदा दाखवला, आणि दोन्ही वेळा कोरी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. कारण एकदा का बघितला, की मग बघितलेलाच आठवणार. आपला असा तो परत कधीच येणार नाही. येईल. आपोआप येईल. हरवलेली किल्ली शोधायचं सोडलं की सापडते, तसा. त्यानं स्वतःशी सौदा केला होता: गुरुवारपर्यंत आला तर आपल्याला काही झालेलं नाही.

आज गुरुवार होता.

"बाबा! मागं उभा राहा ना! मागं!"

परसात, कपडे वाळत घालायच्या गोल फिरणाऱ्या दांडीवर, मार्नीनं पांढरी चादर टाकली होती. शनिवारची तालीम. मैदानात उतरताना संघ कागदाचा भलामोठा फलक फाडून धावत येतो. या शनिवारी त्या फलकावर बाबाचं नाव असणार, आणि दोनशे पन्नास हा त्याच्या सामन्यांचा आकडा, आणि सगळ्यांच्या पुढं, त्याचा हात धरून, सहा वर्षांची मार्नी. गवतावर रात्रीचं दंव होतं. ती अनवाणीच.

"हात धरून पळायचं असतं ना? मग मी पलीकडे कशाला?"

"आज तू लोक आहेस. टाळ्या वाजव. एक... दोन... तीन... फाड!"

चादर कसली फाटतेय. मार्नी तिच्यात घुसली, गुरफटली, पडली, आणि आतल्या आत खिदळत राहिली. मग उठून पुन्हा लांब गेली. कोरी चादरीच्या मागं उभा राहिला, अगदी जवळ, नाक टेकेल इतका. ऊन पलीकडून होतं. लोक म्हणतात डोळ्यांसमोर अंधार झाला, साफ खोटं. हे असं असतं. पांढरं, उबदार, साबणाचा वास येणारं, आणि पलीकडून कुणीतरी आपलं माणूस मोजतंय... त्याला तिथं फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मार्नी पोटावर येऊन आदळली तेव्हा त्याला तिचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

गाडीपाशी ब्रॉनी आली. काचेवर हात ठेवून उभी राहिली.

"रविवारी तू दोनदा विचारलंस, दूध आहे का म्हणून."

"म्हातारा झालो."

"पाच मिनिटांत दोनदा, कोरी. मी आहे म्हणाले, तू बरं म्हणालास, पेपर उचललास, ठेवलास, आणि परत."

"बरं, मग?"

"डॉक्टरला सांग. नेरिडाला."

"काय, दुधाचं?"

ती हसली नाही. "मला नको सांगूस. मी विचारणार नाही. पण तिनं विचारलं की खरं सांग. शनिवारी काय व्हायचं ते होऊ दे, मार्नीची मी समजूत काढीन." मग काचेवरचा हात काढून, उगाच, "टोस्ट खाल्लास का?" म्हणाली. खाल्ला होता बहुतेक.

खरं सांग! सोपं आहे म्हणणं. खरं सांगितलं की बारा दिवस बाहेर, हा नियम, शनिवार गेला. तेही चाललं असतं. पण मागच्या वर्षी दोनदा डोक्याला असाच मार बसला होता, आणि आता हे तिसरं म्हणजे क्लबच्या हातात काही राहत नाही, लीगची तज्ज्ञ मंडळी बसतात, डोक्याचे फोटो काढतात, तेहतिशीतल्या माणसाकडे बघून एकमेकांकडे बघतात. अशा खोलीतून बाहेर येऊन परत खेळलेला कुणी त्याच्या तरी माहितीत नव्हता. दोनशे एकोणपन्नास. हा काय आकडा झाला! दोनशे एकोणपन्नासला कुणी खांद्यावर घेतं का? एखाद्याला ताटावरून उठवावं तसा आकडा. आणि त्यानंतर काय? गव्हाच्या मुलखातून, जिथं धान्याच्या उंच कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारत आपण मोठे झालो, तिथून अठराव्या वर्षी इथं आलो, आणि दुसरं काही म्हणजे काहीच शिकलो नाही. मला काढून घ्या यातून, पण मग माझ्या जागी उरतं कोण ते तरी सांगा... सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला असावा. मागच्या ट्रामनं घंटी वाजवली.

क्लबातल्या त्याच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला नावं होती. सत्तावीस नंबरची जर्सी आजवर ज्यांनी ज्यांनी घातली त्यांची, सोनेरी रंगात, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं त्यानं खेळलेल्या सामन्यांचा आकडा. अकरा. चौऱ्याऐंशी. एक — बिचारा, एक! क्लॅरी ओकेडन, एकशे त्रेसष्ट. सगळ्यांत खाली कोरी हॅल्डेन, आणि नावापुढं कोरी जागा. आकडा माणूस संपल्यावरच रंगवतात. पंधरा वर्षं तो त्या मोकळ्या जागेकडे बघत बूट घालत आला होता आणि ती मोकळी आहे हे त्याला सुखाचं वाटत आलं होतं. आज तिथं बोट फिरवलं. गुळगुळीत.

"आले, आले! लोकांच्या बाकावर बसणारे आले!"

हा टेट. शेजारच्या कपाटाचा, चोवीस वर्षांचा, तोंडाचा फाटका. सगळी खोली हसली. कोरीही हसला, कारण हसायचं असतं. शनिवारी गोल मारल्यावर विश्रांतीसाठी तो आपल्या बाकावर न जाता प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर जाऊन बसला होता, म्हणे. त्यांच्या दोन खेळाडूंच्या मध्ये, पाय पसरून, त्यांचीच पाण्याची बाटली घेऊन. थापांनंतरचं हेही त्याला आठवत नव्हतं.

"काय तो माज!" टेट म्हणाला. "गोल मारायचा तो मारायचा, वर त्यांच्या छातीवर बसून पाणी प्यायचं. त्यांच्या कोचचं तोंड बघितलंस का? काय म्हणालास रे तू त्याला?"

"तू काय ऐकलंस?"

"'थंड नाही का' म्हणालास! पाणी! 'थंड नाही का'!" टेट गुडघ्यावर हात आपटून हसला. "देवा रे. डाव्या पायानं गोल, आणि थंड नाही का! म्हाताऱ्या, मेलास की हे तुझ्या थडग्यावर लिहायचं."

थंड नाही का... हे आपण बोललो. बोललो असू. आपल्यासारखंच आहे ते वाक्य. आतमध्ये कुणी नसताना आपल्या तोंडानं आपल्यासारखंच बोलणारा तो कोण होता? आणि खेळतो तर माझ्यापेक्षा बरा. डाव्या पायानं! माझा डावा पाय गाडीचा क्लच दाबायच्या लायकीचा. कोरीला त्या माणसाचा हेवा वाटला. खरंच वाटला.

"ए, टेट. मार्चमधली परीक्षा कशी दिलीस?"

"तू शिकवलीस तशी," टेट डोळा मारून म्हणाला. "ढ."

ती परीक्षा. हंगामाच्या आधी सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवतात: पत्ते दिसतात, आधी दिसलेला पत्ता परत आला की बटण दाबायचं, शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे. धडधाकट डोकं किती चालतं याची ती नोंद. पुढं कुणाला मार लागला की परत तीच परीक्षा, आणि आकडा घसरला की बाहेर. मग शहाणे काय करतात? मार्चमध्येच घसरतात. बटण जरा उशिरा दाबायचं, दोन शब्द मुद्दाम विसरायचे. मार्चमध्ये ढ राहिलं की जुलैमध्ये कितीही आपटलं तरी आकडा तोच. कोरीला हे त्याच्या पहिल्या वर्षी कुणीतरी शिकवलं होतं, आणि कोरीनं पुढं सगळ्यांना शिकवलं, हसत हसत, याच बाकावर बसून. पंधरा वर्षांत पंधरा वेळा तो ढ झाला. नाही. चौदा वेळा.

यंदा मार्चमध्ये, का कोण जाणे, त्याला वाटलं बघूया तरी. खिडकीतून छान ऊन येत होतं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं प्रामाणिकपणे दिली. बटण दिसल्याक्षणी दाबलं, शब्द मनाशी घोळवले, आकडे ओठ हलवून उलटे म्हटले. आणि आकडा आला. तोच. मागच्या वर्षीचा, त्याच्या मागच्या वर्षीचा, खोटा, मुद्दाम पाडलेला, तोच आकडा, एकदोन इकडेतिकडे. नेरिडा फॉस, क्लबच्या डॉक्टर, कागद बघून म्हणाल्या होत्या, 'वा, अगदी नेहमीसारखं.' आणि तो थँक्यू म्हणाला होता.

हे त्यानं ब्रॉनीला सांगितलं नव्हतं.

सराव चांगला झाला. फार चांगला. त्याचं त्याला नवल वाटलं: पायांना सगळं ठाऊक होतं. गवत ओलं, आभाळ खाली आलेलं, मैदानाच्या कडेच्या निलगिरीवर काळेपांढरे मॅगपाय पक्षी आपली ती ओली शीळ घालत बसलेले, आणि चेंडू हातात येत होता, जात होता, पुन्हा येत होता. मधे मधे त्याला आपण खूप उंचावरून बघतोय असं वाटायचं, अंडाकृती हिरवं मैदान आणि त्यावर फिरणारे छोटे छोटे लोक, त्यातला एक मी... कुठला?... तो, तो सत्तावीस. त्या सत्तावीसलाच हाक मारावीशी वाटली. मग कोचची शिट्टी झाली आणि सगळे आत निघाले.

कुंपणाशी क्लॅरी ओकेडन उभे होते. दर गुरुवारी त्यांची मुलगी त्यांना सोडून जाते, तासाभरानं नेते. ऐंशीच्या पुढचे, लोकरी टोपी, कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात, हातात थर्मासचं झाकण. बाकीचे हात हलवून गेले, कोरी थांबला. तो नेहमीच थांबायचा.

"नंबर काय रे तुझा, पोरा?"

"सत्तावीस."

"हॅट् लेका!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "सत्तावीस? अरे, सत्तावीस माझा नंबर!"

"तुम्ही सोडलात म्हणून मला मिळाला."

"तर! उगाच नाही सोडला. बघून सोडला." हे सगळं दर गुरुवारी, शब्दाला शब्द, सात वर्षं. टेट या बोलण्याला 'क्लॅरीची रेकॉर्ड' म्हणायचा, आणि कोरीला त्यात वाईट काही दिसायचं नाही. म्हातारा सुखात आहे, दर आठवड्याला त्याला नवा वारस सापडतो. फक्त निघताना थोडी कीव यायची, आणि आत जाऊन गरम पाण्याखाली उभं राहिलं की ती धुऊन जायची.

आज म्हाताऱ्यानं त्याची बाही धरली.

"तो गोल तूच मारलास ना?"

"कुठला?"

"कुठला म्हणून विचारतोय बघा! डाव्या पायाचा!"

"सांगा ना, क्लॅरी. कसा मारला?"

"तू मारलास आणि मी सांगू?"

"मला तुमच्या तोंडून ऐकायचाय." आणि त्याचा आवाज असा आला की त्याला स्वतःलाच तो ओळखू आला नाही.

म्हाताऱ्यानं झाकणातला चहा संपवला, झाकण कुंपणाच्या खांबावर ठेवलं. दोन्ही हात मोकळे केले.

"वारा तोंडावर. तू कडेकडेनं निघालास. एक आला अंगावर, धिप्पाड, त्याला दिलीस हुलकावणी, गेला तो सरपटत कुंपणापर्यंत. दुसरा आला. चेंडू ओला, साबणासारखा. उजवा पाय मारायला जागाच नाही. लोक ओरडतात, पास दे, पास दे! तू कसला देतोस. डावा! आणि खांब तर दिसतच नव्हते, कातड्याच्या कारखान्याचा धूर खाली उतरलेला, सगळं पांढरं. पण खांब दिसले नाहीत तर काय बघायचं?"

"काय?"

"धुराडं!" म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. तिकडे, गोलच्या चार खांबांमागे, नव्या इमारती होत्या, गॅलऱ्यांमध्ये सायकली आणि वाळत घातलेले टॉवेल. कारखाना कोरी या शहरात येण्याच्या कितीतरी आधी पाडला होता. "धुराडं बरोब्बर मधोमध येतं. खांब नसले तरी धुराडं असतंच, हे इथं खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. तू धुराड्याकडे बघितलंस आणि मारला. दोन टप्पे. पहिला सरळ. दुसऱ्याला, मायला, असा वळला..." त्याचा सुरकुतलेला हात हवेत वळला, हळूच, पाळीव जनावराच्या पाठीवरून फिरावा तसा. "...आणि गेला आत."

कोरीला दिसला. पाच दिवस जो येत नव्हता तो आला, आणि येतोय तो केवढा! तोंडावरचा वारा, ओला जड चेंडू, डाव्या पावलाच्या शिरेवर बसलेला तो ठोका, पांढऱ्यातून वर आलेलं विटांचं लाल धुराडं, टोकाशी जरासं काळं... शनिवारी आपण छपराखाली खेळलो, तिथं वारा नव्हता, चेंडू कोरडा होता, हे त्याला समजत होतं. समजत होतं आणि त्याचं काही चालत नव्हतं. तहान लागलेल्यानं भांडं कुणाचं हे विचारू नये, तसा तो म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत राहिला.

"आणि मग? गोल झाल्यावर?"

"मग काय? मग चहा." म्हातारा थर्मास शोधू लागला, तो त्याच्या काखेतच होता. कोरीनं काढून दिला, आणि कोटाचं वरचं बटण नीट लावून दिलं. म्हाताऱ्यानं मान वर करून ते लावून घेतलं, मग त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं.

"नंबर काय रे तुझा, पोरा?"

डॉक्टर नेरिडांच्या खोलीत दर गुरुवारी एकेकाला पाच मिनिटं असतात. खांदा कसा आहे, झोप कशी आहे, जा. संध्याकाळी संघ जाहीर होतो. आज त्यांनी कोरीच्या मागं दार लावून घेतलं.

"बस. महिने उलटे सांग."

डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... जानेवारीपर्यंत तो एका दमात आला. हे तो झोपेतही म्हणेल.

"शब्द देते. लिंबू, शिडी, वाळू, घंटा, रुमाल."

"लिंबू, शिडी, वाळू, घंटा, रुमाल."

"शहाणा आहेस." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोरी, त्यांच्या बाकावर जाऊन का बसलास?"

"गंमत केली हो डॉक्टर."

"मलाही तेच वाटलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोट धरून हसले. चौथ्यांदा बघितलं तेव्हा नाही हसू आलं. तू खाली बसायच्या आधी बाकाला हात लावून बघितलास. आहे का म्हणून." त्यांनी पेन उचललं. "मी काही कुणाच्या वाईटावर नाही. तुझा फलक रंगवायला माझी बहीणच बसली आहे आज. मला फक्त तो गोल सांग. तुझ्या शब्दांत, सावकाश."

त्यानं ओठ ओले केले. खिशात हात होता, हातात माउथगार्ड. आणि सांगायला लागल्यावर ते इतकं सोपं निघालं! शब्द आपणहून येत होते, तो नुसता त्यांच्यामागून चालत होता. कडेकडेनं निघालो. एकाला हुलकावणी दिली. दुसरा आला. उजव्या पायाला जागा नव्हती. डॉक्टर मान हलवत लिहीत होत्या, टेपवर असंच होतं बहुधा, सगळं जुळत होतं, आणि त्याच्या अंगात एक ऊब चढत गेली. आठवतंय, बघा, मला आठवतंय. "डावा पाय टाकला," तो म्हणाला. "खांब दिसत नव्हते, म्हणून मग धुराड्याकडे बघितलं, आणि—"

पेन थांबलं.

"कुठलं धुराडं, कोरी?"

खिडकीबाहेर मैदान होतं, पलीकडे गॅलऱ्या, टॉवेल. हसू तयार होतं. अगदी दातांच्या मागं: 'फसलात की नाही! क्लॅरीची रेकॉर्ड ऐकवली तुम्हाला.' आणि त्यांनी ते मानलंही असतं, कदाचित. पंधरा वर्षं हा माणूस थट्टाच तर करत आलाय. एका हसण्याच्या पलीकडे शनिवार होता, सगळाच्या सगळा, फलक, मार्नीचा गार हात, खांद्यांवरून दिसणारी माणसं. तोंड उघडायचं आणि हसायचं, बस्स. पण ते धुराडं... पाच दिवसांत पहिल्यांदाच डोक्यात काहीतरी उभं होतं, विटांचं, भक्कम, मधोमध, आणि ते आपलं नाही हे कळूनही ते सोडून द्यायला जीव होत नव्हता. भीती वाटायला हवी होती. वाटलीच. पण तिच्यामागोमाग क्लॅरीचा चेहरा आला, सत्तावीस ऐकल्यावर उजळणारा, दर गुरुवारी नवा. आणि त्या चेहऱ्याची आजवर यायची ती कीव, ती जरा वरून, गरम पाण्याखाली धुऊन टाकण्याजोगी कीव, शोधूनही सापडेना. मी कुंपणाच्या त्याच बाजूला उभा होतो. किती दिवस उभा होतो, कुणास ठाऊक. मार्चपासून तरी नक्कीच.

बाहेर म्हातारा टेटला अडवून काहीतरी विचारत होता. काय विचारत होता हे ऐकू यायची गरज नव्हती. सत्तावीस, कोरी मनात म्हणाला.

"कोरी?"

डॉक्टरांचा आवाज लांबून आला, पांढऱ्या, साबणाचा वास येणाऱ्या कशाच्या तरी पलीकडून, जिथं ऊन होतं, आणि जिथं अनवाणी पायांनी दंवावर उभं राहून कुणीतरी मोजत होतं, एक... दोन... मुठीतल्या माउथगार्डच्या भोकात त्याचं करंगळीचं नख रुतलं होतं. आपण फाडून पलीकडे जाऊ की नुसतेच गुरफटून पडू, हे त्याला सांगता आलं नसतं. पण चादरीच्या मागं असं बरं वाटत उभं राहणं आता पुरे झालं होतं, आणि ते आपल्याला पुरे झालंय याचंच त्याला, बोलायला श्वास आत घेताना, फार नवल वाटलं.